खरा बैल

चतुराबाईला गप्प राहता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. समुद्रपूरच्या एसटीत कंडक्टरनं मागच्या सीटवरच्या बाईला "कुठी जाता?" असं विचारलं, तरी उत्तर चतुराबाई द्यायची. वरून ती बाई कोणाच्या लग्नाला चाललीय, पोरगी कोणाची, हेही सांगून मोकळी व्हायची. लोक हसायचे, तीही हसायची. देवानं तोंड काय फक्त जेवायला दिलंय का, असं तिचं म्हणणं. नवरा ताराचंद एकदम उलटा. नदीकाठच्या वावरात वांग्याच्या ओळीतून दिवसभर फिरला तरी बैलांशी बोलेल तेवढंच. म्हणून घरातलं त्याच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलायची. आणि अंकुशच्या वाटणीचं तर पूर्णच तिच्याकडे होतं.

अंकुश तिचा एकुलता एक लेक. उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की याची बुद्धी हळू चालेल, पण चालेल; घाई करू नका. घाई करू नका, हे चतुराबाईला सांगणं म्हणजे वाऱ्याला बांधून ठेवणं. अंकुशला काही विचारलं की त्याचं उत्तर यायला वेळ लागायचा. विहिरीत बादली सोडली की ती भरून वर यायला जेवढा लागतो, साधारण तेवढा. तेवढ्या वेळात समोरचा माणूस अवघडून जायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि चतुराबाईच्या जिवाची घालमेल व्हायची. मग ती चटकन बोलून टाकायची. "त्याले भूक नाई." "त्याले गरम होऊन राह्यलं." "त्याले तो लाल सदरा पाहिजे." अंकुश उघडलेलं तोंड मिटून घ्यायचा. त्याला मिशी फुटून जमाना झाला, खांदे बापासारखे रुंद झाले, पण आईच्या लेखी तो लेकरूच होता, आणि लेकराचं आईला कळतंच की.

समुद्रपूरला केंद्र सुरू झालं, ते गावातल्या आशाताईनं सांगितलं म्हणून कळलं. अंकुशसारखी मोठी मुलं-मुली तिथे दिवसभर राहायची, भाजीचा वाफा लावायची, स्वयंपाकाला हात लावायची, बाजारात जाऊन वस्तू आणायची. सकाळी गाडी यायची, दुपार टळली की परत सोडून जायची. पहिल्या दिवशी चतुराबाई स्वतः सोबत गेली. तिथली अंकिता म्हणून ताई, हिंगणघाटची, वयानं अंकुशएवढीच असेल, तिनं खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "अंकुश, चहा घेतो का दूध?"

"चहा," चतुराबाई म्हणाली. "साखर जास्तीची. अन् बशीत देजो, त्याले कपानं भाजते."

"काकू, म्या अंकुशले विचारलं."

"हो, तेच सांगून राह्यली ना मी!"

अंकिता हसली, पण हटली नाही. ती अंकुशकडे बघत बसली. बराच वेळ गेला. चतुराबाईला पदराचं टोक चावावं लागलं. आणि मग अंकुश म्हणाला, "दूध."

बाप्पा! जन्मभर ज्याला बशी भरभरून चहा पाजला, तो म्हणतो दूध. चतुराबाईला वाटलं, चुकून बोलला. पण दुसऱ्या दिवशीही दूधच, तिसऱ्या दिवशीही दूधच.

त्या केंद्राची रीतच ती होती: विचारायचं आणि मग थांबायचं. भाजी कापतो की कणीक मळतो? पाटी हिरवी की पिवळी? इथे बसतो की तिथे? चतुराबाईला आधी हे सगळं शहरी चोचले वाटले. पण पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि घरात फरक दिसायला लागला. एका सणाला तिनं त्याच्या आवडीचा शिरा केला, तूप सोडून, बेदाणे घालून. त्यानं ताट बाजूला सारलं आणि सावकाश म्हणाला, "मले शिरा नाई पाहिजे."

"काऊन रे? तुले तर लय आवडते!"

"नाई आवडत."

"कधीपासून नाई आवडत?"

विहिरीतून बादली वर आली. "पयल्यापासून."

ताराचंद ताटावर मान खाली घालून हसला. चतुराबाई मात्र त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली. शिऱ्यासाठी नव्हे. एवढी वर्षं ती ज्याच्या वतीनं बोलली, त्याच्या पोटात काय आहे हेच तिला ठाऊक नव्हतं, याचं तिला वाईट वाटलं. नंतर मात्र हीच गोष्ट तिनं गावभर अशा तोऱ्यात सांगितली, की जणू पोरगा कलेक्टर झाला. "माह्या अंकुशनं मले सरळ नाई म्हणून सांगतलं! तोंडावर!"

आणि मग पोळा आला.

पोळ्याचा दुसरा दिवस आपल्याकडे लेकरांचा, तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर फिरतात, बायका बैलाला ओवाळतात, पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवतात. अंकुशचा लाकडी बैल आळीत सगळ्यांत देखणा असायचा. चतुराबाई स्वतः त्याला रंग द्यायची, बेगड चिकटवायची, गळ्यात घुंगरू बांधायची. दरवर्षी ती अंकुशचा भांग पाडून द्यायची आणि तो गुडघ्याएवढ्या पोरांच्या रांगेत तो बैल ओढत निघायचा. त्याच्यासोबतचे पोट्टे मोठे झाले, त्यांनी लाकडी बैल सोडले, त्यांच्या हाती खरे बैल आले, काहींना स्वतःची लेकरं झाली. अंकुश मात्र त्याच रांगेत राहिला. बायका म्हणायच्या, "चतुराबाई, तुमचं लेकरू कसं निर्मळ आहे वं!" तिला ते ऐकून बरं वाटायचं, हे कशाला लपवायचं?

त्या वर्षी श्रावणात अंकितानं केंद्रात सगळ्यांना विचारलं, पोळ्याला तुम्ही काय करणार? संध्याकाळी अंकुशला सोडायला गाडीतून आली तेव्हा तिनं चतुराबाईला अंगणात गाठलं. "काकू, अंकुशनं काय सांगतलं ठाऊक आहे? तो म्हणते, मले बैल धराचा हाय. खरा."

चतुराबाई उसळली. "तो कायले असं म्हणन? कोणी शिकोलं त्याले?"

"कोणी नाई शिकोलं. म्या फक्त विचारलं."

अंकुश शेजारीच उभा होता. तो गोठ्याकडे बघत होता. गोठ्यात ताराचंदची जोडी होती, हिऱ्या आणि पाखऱ्या. हिऱ्या मारका, पण पाखऱ्या गरीब. अंकुश त्याला रोज चारा टाकायचा, पाठ खाजवायचा, हे घरात कुणी कधी मोजलंच नव्हतं.

ताराचंद त्या दिवशी वर्षभराचं एकदम बोलला. "धरू दे. पाखऱ्या त्याचं आयकते. मी समोर हिऱ्याले धरतो, तो मांगून येईन. दोर दोन हातानं धराची, झालं."

मग रोज सकाळी सराव सुरू झाला. गोठ्यापासून नदीपर्यंत, नदीपासून गोठ्यापर्यंत. पुढे बाप, मागे लेक. पोळ्यात ढोल वाजतात, म्हणून शेजारच्या नत्थूला मागून पत्र्याचा डबा बडवायला लावला. नत्थूनं असा बडवला, की चतुराबाई दचकून शेणात बसली, पण पाखऱ्या जागचा हलला नाही. अंकुश इतका हसला, इतका हसला, की त्याला उभं राहवेना, आणि तरी त्यानं दोर सोडली नाही. अंकिता एकदा मुद्दाम गावात येऊन बघून गेली. रांगेच्या शेवटी उभं राहायचं, तिथे गर्दी कमी असते, हेही ठरलं. "काकू, तुमचं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

"माहं काय? धरू दे ना," चतुराबाई म्हणाली.

म्हणाली खरी. पण पोटातून ती तयार नव्हती. बैल उधळेल ही भीती होतीच, नाही असं नाही. त्याहून मोठी भीती लोकांची होती. लाकडी बैल ओढणाऱ्या अंकुशला कुणी हसत नव्हतं. लेकरू म्हणून सगळे माया करत होते. बाप्यांच्या रांगेत उभा राहिला की त्याला बाप्याच्या मापानं मोजतील, आणि तिथे तो कमी पडला तर? आणि आणखी एक होतं, ते ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भांग कोणाचा पाडायचा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं. पोळ्याच्या सकाळी अंकुशनं पाखऱ्याला नदीवर नेऊन स्वतः धुतलं. शिंगांना रंग लावला, अंगावर झूल टाकली. त्यानं पांढरा पायजमा घातला, ताराचंदनं त्याच्या डोक्याला आपला शेला बांधून दिला. चतुराबाई दारातून बघत राहिली. लेक तिला एकाएकी कोणीतरी परका, उंच माणूस वाटला. तिला त्याचा अभिमान वाटला.

मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली जोड्यांची रांग लागली. बायका शाळेच्या ओट्यावर. रांगेची व्यवस्था दरसालाप्रमाणे नानाजीकडे. म्हातारा भला माणूस, सगळ्या पोरांना नावानं ओळखणारा. तो एकेका जोडीपाशी जाऊन बघत बघत शेवटी आला. ताराचंद हिऱ्याला धरून उभा. त्याच्या मागे पाखऱ्या, आणि पाखऱ्याची दोर दोन हातांत घट्ट धरून अंकुश.

नानाजी थांबला. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, हे चतुराबाईनं नंतर कित्येकदा स्वतःशी कबूल केलं. त्यानं काळजीनंच विचारलं, "काऊन रे अंकुश, तू धरतो का बैल? का नत्थूले देऊ?"

त्यानं अंकुशला विचारलं होतं. ताराचंदला नाही, कुणाला नाही, अंकुशला.

ढोलवाले दम खायला थांबले होते. झडत्या, ती पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणारेही गप्प होते. सगळं मैदान अंकुशकडे बघायला लागलं. अंकुशनं नानाजीकडे पाहिलं. बादली विहिरीत गेली. ओट्यावर कोणीतरी बाई खुसखुसली. पलीकडे दोन पोट्टे एकमेकांना कोपर मारत होते. थांब, थांब, असं चतुराबाई स्वतःला म्हणत होती. पदर तोंडात धरला होता. ओट्यावरून तिला लेकाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्याचे ओठ उघडत होते. उघडलेच होते.

"त्याले नाई धराचा!" ती ओरडली. "तो भेते! देऊन टाका नत्थूले!"

अंकुशनं मान वळवून आईकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं तोंड मिटलं, दोर नत्थूच्या हातात दिली, आणि गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी येऊन आईच्या पायाशी उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा. पाखऱ्यानं शेपटी हलवली. ढोल वाजले, तोरण तुटलं, पोळा फुटला, जोड्या घराकडे निघाल्या. तोरण तुटेपर्यंत पाखऱ्या जागचा हलला नाही.

घरी आल्यावर चतुराबाईनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, आणि या सगळ्यात एकटीच बोलत राहिली: गर्दी किती होती, कोणाच्या बैलाचे रंग कसे होते. ताराचंदनं जेवताना एवढंच म्हटलं, "तो बोलून राह्यला होता."

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि उष्टी ताटं उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं लाकडी बैल माळ्यावरून काढला. मनातून वाटत होतं, अंकुशनं तो भिरकावून द्यावा, निदान नाही म्हणावं. "जातो का रे?" तिनं विचारलं. अंकुशनं दोरी हातात घेतली आणि निघाला. आळीतल्या मनकर्णाबाईनं त्याच्या हातावर चॉकलेट ठेवलं. त्यानं ते घेतलं.

आठवडाभरानं अंकितानं विचारलं, "काकू, घरी काही झालं का? अंकुशले काही विचारलं की तो म्हणते, आईले विचार. दूध का चहा, तरी आईले विचार." चतुराबाईनं तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. अंकिता रागावली नाही, तिनं नुसतं खाली पाहिलं. "विचारत राहू," ती म्हणाली. "येईन परत. टाइम लागन."

वेळ चतुराबाईनं दिला, खरंच दिला. ज्या बाईला एसटीत गप्प बसता येत नव्हतं, ती घरात तोंड आवळून बसायला शिकली. अंकुश, भाकर की पोळी? आणि मग थांबायची, दूध उतू जाईपर्यंत थांबायची. अंकुश तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तिचे ओठ जरा हलले की तेच तो बोलायचा. नाही हलले तर म्हणायचा, "तू सांग."

एकदा तिनं मुद्दाम शिरा केला. ताट पुढं ठेवलं आणि देवाला हात जोडून बसली, की म्हण रे बाबा नाही, एकदा नाही म्हण. अंकुशनं सगळा शिरा खाल्ला. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. ती परसात गेली आणि कढीपत्त्याच्या झाडाआड तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

वर्ष फिरून पोळा आला. अंकिता आदल्या दिवशी येऊन अंकुशशी बोलून गेली होती. त्यानं तिलाही आईकडे बोट दाखवलं होतं. पोळ्याच्या दुपारी ताराचंद पाखऱ्याची दोर हातात घेऊन अंगणात उभा राहिला. चतुराबाई लेकासमोर गेली. "अंकुश, तुले बैल धराचा हाय का? खरा बैल. तुले पाहिजे असन तरच. नाई म्हटलं तरी मी रागावत नाई."

ती थांबली. देवळाकडून ढोल ऐकू यायला लागला. दारावरून जोड्या घुंगरं वाजवत निघून गेल्या. अंकुश तिच्या ओठांकडे बघत होता.

"तू सांग," तो म्हणाला.

आता काय सांगायचं? नाही म्हटलं तर तोच गुन्हा दुसऱ्यांदा. हो म्हटलं तरी तोच. उशीर व्हायला लागला, ताराचंद चुळबुळायला लागला, आणि शेवटी तीच बोलली. "धर."

अंकुशनं दोर धरली. दोन हातांनी धरली, बापामागून नीट चालला, रांगेत नीट उभा राहिला. नानाजीनं यंदा काही विचारलंच नाही, नुसती पाठ थोपटली. ढोल वाजले तरी बैल हलला नाही आणि लेकही हलला नाही. ओट्यावरच्या बायका चतुराबाईभोवती जमल्या. "बाई, पोरगं तयार केलं तुमी!" "कसा बाप्यावानी उभा आहे पाहा!" "झालं ना मनासारखं?" ती हो हो म्हणत राहिली. लेकाच्या चेहऱ्यावर ती हसू शोधत होती. नत्थूच्या डब्यावर हसला होता, त्यातलं थोडंसं.

तोरण तुटलं. एकच गलका झाला, जोड्या घरोघरच्या वाटेला लागल्या. ताराचंदही हिऱ्याला ओढत गर्दीत पुढे गेला. मागून लेक येतोय असं तो धरून चालला होता. बघता बघता मैदान रिकामं झालं. बायकाही ओवाळायला घरी पळाल्या.

अंकुश तिथेच उभा होता. तुटलेल्या तोरणाची पानं पायाशी पडली होती. पाखऱ्या मान हलवत होता, घराची वाट त्याला ठाऊक होती, पण अंकुशनं दोर आवळून धरली होती आणि तो ओट्याकडे बघत होता.

चतुराबाईनं ओठ मिटले. निघ, असं ती मनात म्हणाली. तुझ्या मनानं एक पाऊल टाक, कुठंही टाक, नदीकडे जा, वावरात जा, मी काही म्हणणार नाही. ती ओट्यावर उभी राहिली, तो मैदानात उभा राहिला. देवळापुढचा पोऱ्या तोरणाची दोरी सोडायला आला, दोघांकडे बघून परत गेला. ऊन उतरलं. बैलाच्या पोटात भूक होती, दारात ओवाळायचं ताट वाट बघत होतं.

"चाल घरी," चतुराबाई म्हणाली.

तो निघाला.